शेततळ्यातील वायुवीजन यंत्रणा: बारा महिन्यांसाठी उभारणी आणि वापर

मराठवाड्यातील शेततळी मुळात माशांसाठी खोदली गेली नाहीत. मोसंबी, डाळिंब किंवा रब्बीचे पीक एप्रिल-मेपर्यंत तगवावे, हा त्यांचा हेतू होता, आणि २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यानंतर आठही जिल्ह्यांत त्यांची संख्या वाढली. त्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस किंवा पंगस सोडून जोडउत्पन्न घेण्याचा विचार नंतर आला. त्यामुळे तळ्याची रचना पाणी साठवण्यास योग्य, परंतु मासे जगवण्यास अडचणीची राहिली. बाजू तीव्र उताराच्या, खोली तीन मीटर, तळाला प्लास्टिकचा कागद, पाण्याला वाहता झरा नाही आणि हिवाळ्यानंतर पातळी सतत उतरत जाणारी, अशी ही परिस्थिती आहे. समुद्रकिनाऱ्यावरील कोळंबीच्या उथळ तळ्यांसाठी किंवा बर्फ पडणाऱ्या देशांतील तळ्यांसाठी लिहिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तेथे हिवाळा कठीण असतो. आपल्याकडे मे अखेरच्या रात्री, जूनचा पहिला पाऊस, श्रावणातील सूर्यदर्शन न होणारे आठवडे आणि ऑक्टोबरमधील उकाडा हे कठीण काळ असतात.

बहुतेक जण आधी यंत्र विकत घेतात आणि मग ते कोठे व कसे चालवायचे याचा विचार करतात. हा क्रम उलटा आहे. पाण्याला हवेची गरज प्रामुख्याने रात्री असते आणि शेतातील विजेची खात्री नेमकी रात्रीच नसते. शिवाय ज्या महिन्यांत गरज सर्वाधिक असते त्याच महिन्यांत तळ्याची खोली सर्वांत कमी असते. म्हणून प्रथम ऑक्सिजनची गरज मोजावी, त्यानंतर रात्रीची वीज निश्चित करावी, मग खोलीनुसार हवेचा दाब ठरवावा आणि यंत्र सर्वांत शेवटी निवडावे.

गरज कशी मोजावी

पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम. लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या साधारण सहाशे मीटर उंचीच्या भागात हवेचा दाब कमी असल्याने त्यातून आणखी सहा-सात टक्के वजा होतात, म्हणजे ३० अंशांना सातच्या आसपासच उरतो. कार्प जातीच्या माशांना (रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस) पाच मिलिग्रॅमच्या वर चांगली वाढ मिळते, तीनच्या खाली ते खाणे कमी करतात, आणि एकच्या आसपास गेल्यावर मरतुक सुरू होते. पंगस पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतो, म्हणून तो कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतो; परंतु त्याच्या या गुणावर विसंबून कार्पसोबत दाटीने मासे सोडणे योग्य नाही.

दिवसभर हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार करते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्यात तो सर्वाधिक असतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो वापरू लागतात, आणि पहाटे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी होतो. दुपारचे मापन त्यामुळे फसवे ठरते. विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचे मीटर किंवा साधा रासायनिक तपासणी संच घेऊन सायंकाळी सात वाजता आणि रात्री दहा वाजता मापन करावे. रात्री ऑक्सिजन साधारण एकसारख्या गतीने घटतो, म्हणून या दोन आकड्यांवरून पहाटेचा अंदाज बांधता येतो. समजा, सात वाजता ८ मिलिग्रॅम आणि दहा वाजता ६.२ मिलिग्रॅम भरले, तर ताशी घट ०.६ झाली. पुढील सात तासांत आणखी ४.२ घटून पहाटे पाच वाजता २ मिलिग्रॅम उरतील. अशा तळ्यात यंत्रणेशिवाय रात्र काढणे धोक्याचे आहे.

हीच ताशी घट यंत्राची क्षमता सांगते. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार एकास एक असलेल्या तळ्यात काठोकाठ सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. मे महिन्यात खोली दीड मीटरवर आली की मात्र निम्मे पाणी उरत नाही. तळाकडे तळे अरुंद होत जात असल्याने ते सुमारे ९७५ घनमीटरच भरते. या पाण्यात ताशी ०.६ मिलिग्रॅम घट म्हणजे ताशी सुमारे ५८५ ग्रॅम ऑक्सिजनचा वापर झाला. त्यात माशांचा वाटा अनेकदा निम्म्याहूनही कमी असतो. साधारण किलोभर कार्प मासा उबदार पाण्यात तासाला २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतो, म्हणजे ८०० किलो माशांना ताशी दोनशे ग्रॅमच्या आसपास लागतो. उरलेला सर्व शेवाळ आणि कुजणारे खाद्य घेतात. ज्या तळ्यातील पाणी गर्द हिरवे झाले आहे, त्यात मासे थोडे असूनही पहाटे मरतूक का होते, याचे उत्तर या हिशेबात आहे. पांढरी ताटली काठीला बांधून पाण्यात सोडावी. ती ३० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त आहे असे समजून खाद्य आणि खत आधी कमी करावे. त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

रात्रीची वीज

शेती फिडरवर (शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि ती दिवसा की रात्री, हे पाळीवर अवलंबून असते. गावठाण फिडरची वीज अधिक काळ असते, म्हणून तळे वस्तीजवळ असेल तर सिंगल फेज जोडणीवर चालणारी मोटर निवडणे शहाणपणाचे ठरते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे; जोडणीचा अर्ज करताना महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आपल्या तळ्याला कोणता दर लागू होतो, हे लेखी विचारून घ्यावे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालील अनुदानाचीही चौकशी त्याच फेरीत करता येते.

रब्बीत सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात तेव्हा व्होल्टेज १८० च्याही खाली येते आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर तो बदलून येईपर्यंत काही दिवस जातात. म्हणून कमी व्होल्टेजवर मोटर बंद करणारा रिले, पुरेशा क्षमतेचा कपॅसिटर आणि वीज गेल्यावर घरी भोंगा किंवा मोबाईलवर सूचना देणारे साधन, या तीन गोष्टी यंत्रणेचाच भाग मानाव्यात. वीज परत आल्यावर ब्लोअर (पाण्यात हवा ढकलणारे यंत्र) आपोआप सुरू होणे आवश्यक आहे. पहाटे तीन वाजता उठून बटण दाबण्यावर विसंबता येत नाही.

सौर कृषी पंप असलेल्यांचा असा समज असतो की त्याच पॅनेलवर वायुवीजनही होईल. त्या पॅनेलची वीज सूर्य असतानाच मिळते आणि तिचा नियंत्रक पंपाच्या मोटरीसाठी बनवलेला असतो, त्यामुळे रात्रीच्या गरजेला तो उपयोगी पडत नाही. सौर ऊर्जा रात्रीसाठी वापरायची असेल तर लहान प्रमाणावर वापरावी. सुमारे १०० वॅटचा लिनिअर एअर पंप, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी, त्याला साजेसा इन्व्हर्टर आणि ४०० वॅटचे पॅनेल, एवढ्या संचावर साधारण दहा तास निघतात. या पंपाची हवा संपूर्ण तळ्याला पुरणार नाही, परंतु तळ्याच्या एका कोपऱ्यात ऑक्सिजन टिकून राहतो आणि मासे तेथे गोळा होतात. मुख्य वीज गेलेल्या रात्री एवढ्या आसऱ्यावर बरेच मासे वाचू शकतात. ज्यांच्या तळ्यात एक हजार किलोपेक्षा अधिक मासे आहेत, त्यांनी मात्र तीन केव्हीएचा जनरेटर आणि चेंजओव्हर स्विच ठेवलाच पाहिजे.

खोली, दाब आणि यंत्राची निवड

ठिबकच्या मीटरवर आपण दाब किलोमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला) वाचतो, तोच हिशेब येथे चालतो. हवेला एक मीटर पाण्याखाली बाहेर पडण्यासाठी ०.१ किलो दाब लागतो, तीन मीटरसाठी ०.३ किलो, आणि पाइप व डिफ्यूझर (पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा भाग) यांचा अडथळा मिळून आणखी ०.०३ ते ०.०५ किलो. बाजारात सहज मिळणारे एक-दीड अश्वशक्तीचे रिंग ब्लोअर भरपूर हवा देतात, परंतु ०.२ किलोच्या आसपास त्यांचा दम संपतो. तीन मीटर तळाशी डिफ्यूझर ठेवून असा ब्लोअर जोडला तर हवा बाहेर पडत नाही, मोटर तापते आणि दोष यंत्राला दिला जातो. रॉकिंग पिस्टन कॉम्प्रेसर तीन मीटर खोलीला सहज हवा देतो, पण अर्ध्या अश्वशक्तीमागे मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपासच देतो. पॅडल व्हील एरेटर वीज आणि ऑक्सिजन यांच्या हिशेबात सर्वांत किफायती आहे, मात्र तो पृष्ठभागाजवळचे पाणी घुसळतो. तीव्र उताराच्या खोल तळ्यात तळाचे पाणी तसेच राहते आणि पाणी एक मीटरखाली गेल्यावर त्याच्या प्रवाहाने गाळ उठतो. शोभेचे कारंजे विचारातही घेऊ नये.

मराठवाड्यातील साधारण आकाराच्या अस्तरित तळ्यासाठी माझी शिफारस अशी आहे की मुख्य संच रिंग ब्लोअरचा ठेवावा, परंतु डिफ्यूझर तळाशी न ठेवता तरंगत्या डब्यांना दोरीने बांधून पृष्ठभागापासून दीड मीटर खाली लोंबकळत सोडावेत. पातळी उतरली की डिफ्यूझरही तिच्याबरोबर उतरतात, त्यामुळे वर्षभर ब्लोअरवर दाब एकच राहतो, कागदाला धक्का लागत नाही आणि दुरुस्तीसाठी पाण्यात उतरावे लागत नाही. या पद्धतीची उणीव एवढीच की तळे काठोकाठ भरलेले असताना खालचे दीड मीटर पाणी फारसे हलत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी तळाशी दोन डिफ्यूझर आणि त्यांच्यासाठी अर्ध्या अश्वशक्तीचा रॉकिंग पिस्टन कॉम्प्रेसर वेगळा बसवावा. तो ऑक्सिजन वाढवण्यापेक्षा पाणी ढवळण्यासाठी आहे.

ब्लोअर किती मोठा असावा, हे वरील ५८५ ग्रॅमवरून काढता येते. एक घनमीटर हवेत सुमारे २७५ ग्रॅम ऑक्सिजन असतो, पण दीड मीटर खोलीवरून वर येणाऱ्या बारीक बुडबुड्यांतून त्यातील चार ते सात टक्केच पाण्यात मुरतो, म्हणजे घनमीटरमागे अकरा ते एकोणीस ग्रॅम. त्यानुसार ताशी ३० ते ५५ घनमीटर हवा लागेल. ०.१८ किलो दाबाला ताशी साठ घनमीटर हवा देणारा ब्लोअर, जो साधारणपणे दीड ते दोन अश्वशक्तीचा असतो, या तळ्याला पुरेसा होतो. खरेदी करताना ‘जास्तीत जास्त हवा’ हा आकडा पाहू नये, कारण तो शून्य दाबाचा असतो. विक्रेत्याकडून दाब आणि हवा यांचा तक्ता मागून आपल्या दाबासमोरचा आकडा वाचावा. तक्ता देऊ न शकणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये.

मांडणी

काम मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना करावे. ब्लोअरसाठी भरावावर, पूर्ण भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान अर्धा मीटर उंच ओटा बांधावा आणि वर पत्र्याचे छप्पर घालून दोन बाजू जाळीने मोकळ्या ठेवाव्यात. बंद खोलीत ब्लोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात त्याचे बेअरिंग लवकर जाते. काळ्या मातीची धूळ फिल्टरमध्ये साचते, त्यामुळे हवा घेण्याचे तोंड रस्त्याच्या आणि मळणीच्या जागेच्या विरुद्ध बाजूस असावे.

यंत्रातून बाहेर पडणारी हवा हाताला चटका बसेल इतकी गरम असते, म्हणून पहिले तीन-चार मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप वापरावा. तेथे थेट पीव्हीसी जोडला तर तो मऊ होऊन सांध्यातून निसटतो. त्यापुढे ६३ मिमीचा एचडीपीई पाइप भरावावर उथळ चरात पुरून न्यावा. यंत्राजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह रोखणारी झडप) बसवावा, त्यापुढे शून्य ते एक किलोचा दाबमापक आणि जास्तीची हवा बाहेर सोडण्यासाठी एक मोकळा कॉक ठेवावा. रिंग ब्लोअरची हवा कधीही कॉक आवळून कमी करू नये. नको असलेली हवा या मोकळ्या कॉकमधून सोडून द्यावी, अन्यथा ब्लोअर तापतो.

मुख्य पाइपवरून प्रत्येक डिफ्यूझरसाठी स्वतंत्र शाखा काढावी आणि तिला ठिबकचा साधा कॉक लावावा. येथे १६ मिमीची लॅटरल (ठिबकची बारीक नळी) हाताशी असते म्हणून सर्रास वापरली जाते, पण ताशी सहा घनमीटर हवा वीस मीटर लांबीच्या १६ मिमी लॅटरलमधून नेताना सुमारे ०.०३ किलो दाब वाया जातो. २० मिमीमध्ये तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पाण्याच्या ठिबकला हा फरक नगण्य आहे, पण एकूण ०.१८ किलोवर चालणाऱ्या संचाला तो मोठा आहे. लॅटरल ठिबकचे छिद्र नसलेली, काळ्या रंगाची असावी.

डिफ्यूझर म्हणून नऊ इंची ईपीडीएम रबराच्या चकत्या घ्याव्यात. हवा बंद झाली की त्यांची छिद्रे मिटतात आणि पाणी पाइपमध्ये शिरत नाही, त्यामुळे वीज ये-जा करणाऱ्या ठिकाणी त्या दगडी एअर-स्टोनपेक्षा टिकाऊ ठरतात. साठ घनमीटर हवेला दहा चकत्या पुरतात. प्रत्येक चकती वर ठेवून तिच्याखाली काँक्रीटने भरलेला, चार इंची पीव्हीसी पाइपचा आखूड तुकडा बसवावा. वजन तीन-चार किलो असावे आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात, म्हणजे दोरी तुटून तुकडा तळाशी गेला तरी कागद फाटणार नाही. दगड, लोखंडी अँगल किंवा विटा या कामी वापरू नयेत. वर दहा लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा डबा तरंगता ठेवून त्याला दीड मीटर लांबीच्या नायलॉन दोरीने चकती टांगावी. असे दहा डबे तळ्यावरून आडव्या ताणलेल्या दोन दोऱ्यांना सारख्या अंतरावर बांधावेत. दोरीची टोके भरावाच्या बाहेरच्या बाजूस लाकडी खुंट्यांना बांधावीत. कागद ज्या चरात दाबलेला आहे त्याच्या आत खुंटी किंवा खिळा ठोकू नये. पातळी दोन मीटर उतरते, हे लक्षात घेऊन दोरी आणि लॅटरल दोन्हीत सैल भाग ठेवावा. कागदावरून पाइप जेथे घासतो तेथे उभा चिरलेला जुना पाइप आडवा घालून त्याला आधार द्यावा.

चकत्या पाण्यात सोडल्यावर सर्व कॉक पूर्ण उघडे ठेवून बुडबुडे पाहावेत. यंत्राजवळच्या चकत्यांतून जास्त हवा येत असेल तर त्यांचे कॉक थोडे आवळून दूरच्या चकत्यांकडे हवा ढकलावी. सर्व ठिकाणी बुडबुड्यांचे वर्तुळ साधारण एका आकाराचे दिसले की दाबमापकावरील आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पुढे वर्षभर हा आकडाच निदानाचे साधन आहे: तो वाढला तर चकत्या चोंदल्या आहेत, कमी झाला तर कोठेतरी पाइप निसटला आहे किंवा उंदराने कुरतडला आहे.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. चांगले अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच आणि जमिनीखालून नेलेली आर्मर्ड केबल, एवढे केल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. पाण्यावरून उघडी वायर कोणत्याही कारणाने ओढू नये. वळवाच्या पावसात विजा पडण्याचे प्रमाण आपल्या भागात मोठे आहे, त्यामुळे तळ्याच्या उंच भरावावर पत्र्याचे छप्पर उभारताना वीजरोधकाची सोय करावी आणि ढग गडगडत असताना तेथे कोणी थांबू नये. अस्तराचा कागद ओला झाला की निसरडा होतो आणि पोहता येणाऱ्या माणसालाही त्यावरून वर चढता येत नाही. म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत, हवा भरलेली ट्यूब शेडमध्ये टांगलेली असावी, तळ्याला कुंपण असावे आणि दोन माणसांशिवाय पाण्यावरचे कोणतेही काम करू नये.

पहिल्यांदा सुरू करताना

ज्या तळ्यात दोन-तीन वर्षे मासे आहेत आणि तळाशी वीतभर काळा गाळ साचला आहे, तेथे पहिल्याच रात्री यंत्र पूर्ण वेळ चालवणे धोक्याचे आहे. उन्हाने वरचे पाणी गरम व हलके होते आणि खालचे थंड पाणी वेगळा थर धरून बसते. त्या थरात ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू साचलेला असतो. ते पाणी एकदम वर आले तर हवा देऊनही मासे मरतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नेमके हेच घडते, कारण थंड पावसाचे पाणी खाली बसते आणि तळाचे वर येते. म्हणून तरंगता संच असला तरी पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असे रोज दुप्पट करत आठवडाभरात पूर्ण वेळेवर यावे. तळाचा वेगळा संच असेल तर तो याच क्रमाने, परंतु तरंगत्या संचाची सवय झाल्यानंतर आणि सकाळी दहानंतर, वरच्या पाण्यात ऑक्सिजन वाढत असताना सुरू करावा.

ऋतूंप्रमाणे वापर

होळीनंतर पाणी तापू लागते आणि पातळी उतरू लागते. मार्चपासून रात्री दहा ते सकाळी साडेसात असा वेळ धरावा. सूर्योदयाबरोबर यंत्र बंद करू नये, कारण शेवाळ पुरेसा ऑक्सिजन तयार करू लागेपर्यंत तास-दीड तास जातो. मे महिन्यात बाष्पीभवनानेच दिवसाला जवळपास एक सेंटिमीटर पाणी उडते आणि त्याशिवाय बागेला पाणी द्यावेच लागते. अशा वेळी मासे आणि बाग यांच्यात निवड करण्याची पाळी येण्याआधी, खोली दीड मीटरवर आली की विक्रीयोग्य मासे काढून घ्यावेत. उरलेल्या माशांसाठी दोरी आखूड करून चकत्या तळापासून किमान ३० सेंटिमीटर वर राहतील असे पाहावे. दुपारी दोन ते चार या वेळेत तासभर यंत्र चालवणे उपयोगी असते, कारण त्या वेळी वरच्या थरात गरजेपेक्षा अधिक असलेला ऑक्सिजन खाली पोहोचतो. त्यापेक्षा जास्त वेळ चालवल्यास तो हवेत निघून जातो आणि वीज वाया जाते.

पावसाळ्यात घड्याळापेक्षा आकाश पाहावे. दिवसभर ऊन पडले नाही तर त्या रात्री सूर्य मावळताच यंत्र सुरू करावे आणि दोन दिवस सलग झाकोळ राहिला तर दिवसाही बंद करू नये. अशा दिवशी खाद्य पूर्ण थांबवावे. न खाल्लेले खाद्य कुजून ऑक्सिजन खाते आणि एक-दोन दिवसांच्या उपासाने मासे मरत नाहीत. पाणी एकाएकी हिरव्याचे तपकिरी झाले तर शेवाळ मेले आहे असे समजावे, आणि पुढील तीन-चार दिवस यंत्र अखंड चालू ठेवावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळे भरलेले असते, मासे मोठे झालेले असतात, ऊन कडक असते आणि खाद्य सर्वाधिक पडते. हा काळ सुखाचा वाटतो म्हणून दुर्लक्षित होतो. आठवड्यातून दोनदा रात्रीचे दुहेरी मापन याच काळात नेमाने करावे.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, पण थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर मावतो आणि माशांची गरजही घटते, त्यामुळे पहाटे तीन ते सहा एवढा वेळ पुरतो. या महिन्यांत रात्रभर यंत्र चालवल्याने उलट तोटा होतो. रात्रीच्या गार हवेत पाण्याचा पृष्ठभाग आधीच थंड होत असतो. गार हवेचे बुडबुडे सोडून पाणी ढवळत राहिले तर सगळे तळे आणखी गारठते. म्हणून तळाचा संच बंद ठेवावा आणि तरंगत्या चकत्या एक मीटरवर घ्याव्यात. पंगस १५ अंशांच्या आसपास खाणे सोडतो व आजारी पडू लागतो, म्हणून ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी ही काळजी अधिक घ्यावी किंवा थंडीपूर्वीच त्याची विक्री करावी.

देखभाल आणि अडचणीची रात्र

उन्हाळ्यात हवेचा फिल्टर पंधरा दिवसांनी झटकून स्वच्छ करावा, इतर वेळी महिन्याने. बोअरच्या जड पाण्याने चकत्यांच्या छिद्रांवर क्षार बसतात. ठिबकला आम्लप्रक्रिया करणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे. भिंतीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दाब ०.०३ किलोने वाढला की डबे काठावर ओढून चकत्या मऊ ब्रशने घासाव्यात आणि सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात पंधरा-वीस मिनिटे ठेवून धुवाव्यात. तारेचा ब्रश लावू नये. पिस्टन कॉम्प्रेसरच्या सील आणि लिनिअर पंपाचा डायाफ्राम हे झिजणारे भाग आहेत. त्यांचा एक संच सुरुवातीलाच विकत घेऊन ठेवावा, कारण ते तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाहीत. पाणी आणि माशांच्या तब्येतीविषयी शंका असेल तर उदगीरचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आपल्याच विभागात आहे, तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

सर्व तयारी करूनही एखाद्या पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात. काठावरून पाऊल वाजताच ते खाली पळाले तर हातात थोडा वेळ आहे. ते जागचे हलले नाहीत तर स्थिती गंभीर आहे. यंत्र बंद असेल आणि जनरेटरही नसेल, तर डिझेल इंजिनावरील किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवरील पंपाने तळ्याचेच पाणी वरच्या थरातून उचलून तुषार संचाच्या नोझलमधून पुन्हा तळ्यावर उडवावे. बोअरचे पाणी थेट पाइपने आत सोडू नये, कारण जमिनीखालच्या पाण्यात बहुधा ऑक्सिजन कमीच असतो. तेही फवाऱ्याने किंवा उंचावरून पत्र्यावर पाडूनच सोडावे. त्या वेळी जाळे ओढून मासे काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण धावपळीने त्यांची गरज वाढते आणि उठलेला गाळ उरलेला ऑक्सिजन खातो. मेलेले मासे मात्र ऊन चढण्यापूर्वी काढून तळ्यापासून दूर चुना टाकून पुरावेत, आणि रात्री सात व दहा वाजताचे मापन पुढील आठवडाभर रोज घ्यावे.